रांगेचा नियम कोण ठरवतो?

तृतीय वर्ष कला (तत्त्वज्ञान)

संगणकाचा विषय निघाला, की आपण कला शाखेचे विद्यार्थी अंग काढून घेतो. ते शास्त्र शाखेचे काम, आपण आपले साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान पाहावे, अशी एक न लिहिलेली वाटणी होऊन बसली आहे. मला ही वाटणी मान्य नाही. यंत्राच्या आतल्या तारा आपल्याला कळत नसतील, परंतु यंत्राच्या पोटात क्षणोक्षणी जो एक तंटा सोडवला जातो, तो आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. कामे पुष्कळ असतात, ती करणारे हात मोजके असतात आणि एका वेळी इतकीच कामे आत घ्यावयाची अशी मर्यादा असते. मग आत कोणी जावयाचे आणि बाहेर कोणी थांबावयाचे? रेशनच्या दुकानापुढे, सार्वजनिक नळावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच तंटा असतो. संगणकवाले त्याला 'शेड्यूलिंग' म्हणतात. आपण साध्या मराठीत त्याला रांग लावणे म्हणू.

या लेखात मला एकच गोष्ट मांडावयाची आहे. एका वेळी किती जणांना आत घ्यावे, हा बव्हंशी यंत्राचा प्रश्न आहे. पण आधी कोणाला घ्यावे, हा न्यायाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणीतरी माणूस देतो आणि नंतर ते उत्तर यंत्राच्या नावावर खपवले जाते. 'सर्व्हर घेत नाही', 'सिस्टिम डाऊन आहे' ही आजच्या काळातली दैववादाची नवी भाषा आहे. तिच्यापुढे मान तुकवण्याआधी आपण थोडी चौकशी केली पाहिजे.

प्रथम मर्यादा मुळात असते कशासाठी, ते पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. देशातल्या इतर संस्थांतले संशोधकही त्यावर आपली गणिते करून घेत. त्या काळी भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची, अशी रीत असे. एकाचा गठ्ठा संपला, की दुसऱ्याचा. यंत्र एक, म्हणून काम एक. मर्यादा उघड्या डोळ्यांना दिसे. याच्या थोडे आधी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी व्यवस्था चालवून दाखवली होती. एकाच यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत कापावयाचा आणि प्रत्येकाला आळीपाळीने एक तुकडा द्यावयाचा. तुकडे इतके लहान, की प्रत्येकाला वाटावे यंत्र माझेच आहे. पण येथेही मर्यादा होतीच. पुढे ही व्यवस्था आयबीएम ७०९४ या यंत्रावर चालली, तेव्हा एका वेळी सुमारे तीस माणसांना आत घेता येई. एकतिसाव्याने थांबावयाचे.

कोणी म्हणेल, एकतिसाव्यालाही घेतले असते तर काय बिघडले असते? सगळ्यांना थोडे थोडे कमी मिळाले असते, एवढेच ना! वरवर पाहता हा युक्तिवाद उदार वाटतो. परंतु यंत्राचा अनुभव वेगळा आहे. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ साली याचे कारण स्पष्ट करून सांगितले. प्रत्येक कामाला यंत्राच्या स्मृतीत थोडी जागा लागते. जागेपेक्षा जास्त कामे आत घेतली, की यंत्र एकाचे सामान बाहेर काढते, दुसऱ्याचे आत आणते, आणि लगेच पहिल्याचे पुन्हा हवे म्हणून दुसऱ्याचे बाहेर काढते. शेवटी सारा वेळ या ने-आणीत जातो आणि काम कोणाचेच होत नाही. चूल एक आणि पातेली दहा असावीत, आणि कोणाला वाईट वाटू नये म्हणून आचाऱ्याने दर मिनिटाला पातेले बदलावे, तशातली ही गत. दिवसभर जाळ होतो, पण भात एकाही पातेल्यात शिजत नाही. तेव्हा मर्यादा म्हणजे कंजूषपणा नव्हे. आत असलेल्यांचे काम पुरे व्हावे म्हणून बाहेरच्यांना थांबवणे, हे बाहेरच्यांच्याही हिताचे असते, कारण आतले लवकर बाहेर पडतात. मर्यादेविरुद्ध ओरड करणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

ही मर्यादा यंत्राला कशी सांगतात, हेही पाहण्यासारखे आहे. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६५ साली लिहिलेल्या एका टिपणात त्याची युक्ती सविस्तर मांडली आहे. तिला त्यांनी नाव दिले 'सेमाफोर', म्हणजे रेल्वेचा हात वरखाली करणारा सिग्नल. कल्पना अगदी सोपी. आत पाच जागा असतील, तर पाच हा आकडा मांडून ठेवावयाचा. एक काम आत गेले, की आकडा एकाने कमी करावयाचा. शून्यावर आला, की सिग्नल पडला नाही असे समजून पुढच्याने थांबावयाचे. आतला कोणी बाहेर आला, की थांबलेल्यांपैकी एकाला सोडावयाचे. जगातल्या बहुतेक संगणकांत ही युक्ती आजही कोणत्या ना कोणत्या रूपात आहे.

पण वाचकांनी येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. 'थांबलेल्यांपैकी एकाला सोडावयाचे' हे ठीक. पण कोणत्या एकाला? डायक्स्ट्रांनी हे मुद्दामच मोकळे ठेवले होते. त्यांच्या व्याख्येत जागा किती, याचा चोख हिशेब आहे. आधी कोण, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. किती हे गणिताने सांगता येते. कोण हे सांगावयाचे म्हणजे कोणाचा तरी हक्क मोठा मानावा लागतो. माझ्या मते आपल्या शाखेचा अभ्यास नेमका या मोकळ्या जागेत सुरू होतो.

सर्वांत साधे उत्तर असे, की जो आधी आला तो आधी. यात पक्षपात नाही, म्हणून ते आपल्याला पटते. पण थोडा हिशेब करून पाहा. तीन जण एकामागून एक आले. पहिल्याचे काम पन्नास मिनिटांचे, दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे पाच-पाच मिनिटांचे. आलेल्या क्रमाने घेतले, तर पहिल्याला थांबावे लागत नाही, दुसरा पन्नास मिनिटे थांबतो आणि तिसरा पंचावन्न. सरासरी पस्तीस मिनिटांची ताटकळ. आता लहान कामे आधी घ्या. एकाला थांबावे लागत नाही, दुसरा पाच मिनिटे थांबतो आणि मोठ्या कामाचा धनी दहा मिनिटे. सरासरी आली पाच मिनिटांवर! एकाने दहा मिनिटांची झीज सोसली आणि बाकीच्या दोघांची मिळून शंभर मिनिटे वाचली. पंढरपूरला पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते, त्यामागे हाच व्यवहार आहे. ज्याला लांबूनच हात जोडून गाडी गाठावयाची आहे, त्याने तासन्‌तास चालणाऱ्या रांगेत का उभे राहावे?

मग लहान कामे नेहमीच आधी घ्यावीत काय? येथे दुसरी अडचण उभी राहते. लहान कामे येतच राहिली, तर मोठे काम कधीच आत जाणार नाही. संगणकशास्त्रात याला 'स्टार्व्हेशन' म्हणजे उपासमार असाच शब्द आहे. त्या शास्त्रातही असा शब्द वापरावासा वाटला, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. याविषयी एक आख्यायिका संगणकाच्या पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. एमआयटीतले आयबीएम ७०९४ हे यंत्र १९७३ साली बंद केले, तेव्हा त्यात १९६७ साली दिलेले, कमी अग्रक्रमाचे एक काम सापडले म्हणे. सहा वर्षे ते रांगेत होते आणि एकदाही त्याला आत घेतले गेले नव्हते. गोष्ट खरी की रचलेली, हे सोडून द्या. तिच्यातले दुःख खरे आहे. त्या कामावर कोणी अन्याय केला? कोणीच नाही. प्रत्येक वेळी नियमाप्रमाणेच झाले. प्रत्येक वेळी दुसरे कोणीतरी जास्त योग्य होते. आपल्या सरकारी कचेऱ्यांतून अशी कामे किती पडून असतील, याचा विचार करून पाहावा.

याच्यावर संगणकशास्त्राने उपायही शोधलेला आहे. जो जितका जास्त थांबला, तितका त्याचा अग्रक्रम आपोआप थोडा थोडा वाढवत न्यावयाचा. केवळ थांबण्यालाही काही किंमत द्यावयाची. असे केले, की आज ना उद्या त्याचा नंबर लागतोच. मला हा उपाय नीतिशास्त्राच्या एखाद्या सिद्धांताइतका मोलाचा वाटतो. कामाची मर्यादा ठरवणाऱ्याने प्रतीक्षेचीही मर्यादा ठरवली पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. रांग लांब असणे हा गुन्हा नाही. रांगेला अंत नसणे हा आहे.

आता दुसरा प्रश्न. रांगेत मोजावयाचे काय? माणसे की त्यांची कामे? नळावर एका घरची एकच कळशी आणि दुसऱ्या घरचे सहा हंडे मांडलेले असतील, तर 'भांड्यागणिक नंबर' हा नियम दिसायला समान, पण प्रत्यक्षात सहापट विषम ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या सामाईक संगणकावर हीच अडचण होती. यंत्र प्रत्येक कामाला सारखा वेळ देई. त्यामुळे जो एका वेळी जास्त कामे सुरू करी, त्याला जास्त वेळ मिळे आणि गरीब बापडा एकच काम घेऊन बसलेला मागे पडे. तेथील ज्यूडी के आणि पिअर्स लॉडर यांनी यावर जी व्यवस्था बसवली, तिचे वर्णन १९८८ साली प्रसिद्ध झाले. वाटा कामाला नव्हे, माणसाला द्यावयाचा. ज्याने अलीकडे जास्त वापर केला, त्याला थोडे मागे ठेवावयाचे. पण जुना वापर हळूहळू विसरत जावयाचे, म्हणजे कोणी कायमचा शिक्षेत राहत नाही. समता हा शब्द आपण राज्यशास्त्राच्या तासाला पुष्कळ वेळा ऐकतो. समता कशाची, हा प्रश्न सिडनीच्या त्या संगणकाने अधिक नेमकेपणाने विचारला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

याचा अर्थ कोणालाही अग्रक्रम देऊच नये, असा मात्र नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्का' नावाचा महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी आकडेमोड. एवढ्या यंत्रापुढेही रांग लागतेच, कारण यंत्र मोठे झाले की माणसे प्रश्नही मोठे विचारू लागतात. आता एका बाजूला उद्याच्या पावसाचा अंदाज आहे आणि दुसऱ्या बाजूला एखाद्या संशोधकाचे सावकाशीचे गणित आहे. पाऊस पडून गेल्यावर हाती आलेला अंदाज कोणाच्याही उपयोगाचा नाही. येथे अंदाजाला आधी वाट देणे योग्यच होय. संशोधकाला त्याचे वाईट वाटणार नाही, कारण कारण उघड आहे आणि ते त्यालाही पटण्यासारखे आहे. अग्रक्रम आणि वशिला यांत मी एवढाच फरक करतो. अग्रक्रमाचे कारण सर्वांसमोर सांगता येते. वशिल्याचे सांगता येत नाही.

अग्रक्रम देणाऱ्यानेही एक सावधगिरी बाळगावी लागते. अमेरिकेचे 'पाथफाइंडर' हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्यावरचा संगणक अधूनमधून आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. शोध घेता कारण सापडले ते असे. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या एका कनिष्ठ कामाने सामाईक सामग्रीचे कुलूप आपल्या हाती घेतले होते. तेच कुलूप एका वरिष्ठ कामाला हवे होते. कनिष्ठाने आपले काम आटोपून कुलूप सोडावे, तर मधल्या दर्जाची कामे त्याला बाजूला सारून पुढे घुसत. म्हणजे वरिष्ठ अडला कनिष्ठापायी आणि कनिष्ठ अडला मधल्यांपायी. उपाय पृथ्वीवरून पाठवला गेला. ज्याच्यावर वरिष्ठाचे काम अडलेले आहे, त्या कनिष्ठाला तेवढ्यापुरता वरिष्ठाचा दर्जा द्यावयाचा. तडा मिटला. कचेरीतल्या शिपायाच्या सहीवाचून साहेबाची फाईल अडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही मंगळावरची गोष्ट परकी वाटणार नाही. नुसती उतरंड लावली की व्यवस्था झाली, असे समजणाऱ्यांनी ती जरूर लक्षात ठेवावी.

येथवर वाचून काही जण म्हणतील, एवढा खल कशाला? यंत्रे वाढवा, म्हणजे रांगच उरणार नाही. आपल्याकडे प्रत्येक प्रश्नावर हे उत्तर तयार असते. त्याची परीक्षा करण्यासाठी आपण आपल्या स्नेहसंमेलनाच्या तयारीचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यादीत नऊ कामे आहेत. १) पडद्याचे कापड आणणे, ३ तास. २) पत्रिका वाटणे, २ तास. ३) खुर्च्या आणणे, २ तास. ४) बांबू आणि दोर आणणे, २ तास. ५ ते ८) मंडपाच्या चार बाजू उभारणे, प्रत्येकी ४ तास. ९) पडदा रंगवणे, ९ तास. कापड आल्याशिवाय रंगवणे नाही. बांबू आल्याशिवाय मंडप नाही. एका कामाला एकच माणूस, आणि घेतलेले काम पुरे केल्याशिवाय सोडावयाचे नाही. जो मोकळा होईल त्याने यादीत वरून पाहत जावे आणि करता येण्याजोगे पहिले काम उचलावे.

तीन माणसे लावली, तर सगळे काम बारा तासांत पुरे होते. आता उदार मनाने चौथा माणूस द्या. काम पुरे होण्यास पंधरा तास लागतात! कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येकाने हे पडताळून पाहावे. तीन माणसांत तिसऱ्या तासाला कापड येते, तेव्हा बांबू अजून यावयाचे असतात. म्हणून पडदा रंगवणे तेव्हाच हाती घेतले जाते आणि बाराव्या तासाला संपते. चार माणसांत बांबू दुसऱ्या तासालाच येतात. मग जो तो यादीप्रमाणे मंडपावर तुटून पडतो, आणि यादीत तळाशी असलेला पडदा सहाव्या तासापर्यंत तसाच राहतो. सहा आणि नऊ पंधरा. यादीत पडद्याचे काम वर घेतले असते, तर चौघांनाही बारा तास पुरले असते. बाराच्या खाली मात्र कितीही माणसे लावून येता येत नाही, कारण कापडाचे तीन आणि रंगाचे नऊ तास एकामागून एकच जावयाचे. माणसांची आणि कामांची नावे माझी. तासांचे आकडे आणि हा चमत्कार बेल प्रयोगशाळेतल्या रोनाल्ड ग्रॅहॅम यांचा आहे. १९६६ साली त्यांनी तो सिद्ध करून दाखवला. त्यांनी एक दिलासाही दिला आहे. मोकळ्या हाताने करता येण्याजोगे काम असताना रिकामे बसावयाचे नाही एवढे पथ्य पाळले, तर यादी कशीही लावा, तितक्याच माणसांच्या उत्तमोत्तम वेळापत्रकाच्या दुप्पट वेळ लागत नाही. तेव्हा साधने वाढवणे चांगलेच. पण यादीचा क्रम न पाहता साधने वाढवणे म्हणजे प्रश्न सोडवणे नव्हे.

आता हे सारे आपल्या दाराशी आणून सोडतो. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, परीक्षेचे अर्ज आता संगणकावरून भरावे लागतात. शेवटच्या दिवशी काय होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पलीकडच्या यंत्राला एका वेळी अमुक इतकेच अर्ज घेता येतात. ते भरले, की बाकीच्यांना ते परतवून लावते. परतवलेल्यांची पुष्कळदा कोठेही नोंद राहत नाही. म्हणजे मर्यादा आहे, पण रांग नाही. मग आत कोण जातो? जो पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतो तो. ज्याच्या घरी वेगवान जोडणी आहे, ज्याला दिवसभर पडद्यापुढे बसण्याची सवड आहे, जो फोन आणि संगणक दोन्हींवरून एकदम धडका देऊ शकतो, तो. एस.टी. फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे गडी आपण पाहिले आहेत. हा त्याचाच सुधारलेला प्रकार होय. आणि मागे कोण राहते? बाजारच्या गावी जाऊन एकुलत्या एका केंद्रावर ताशी पैसे मोजणारी मुलगी, जिला शेवटची गाडी गाठावयाची आहे. तिने कोणता नियम मोडला? तिला तर कोणी नियम सांगितलाच नव्हता. बळी तो कान पिळी, हा नियम कोणी सांगत नसतो. दुसरा नियम लावला नाही, की तो आपोआप लागू होतो.

माझा रोख कोणा एका कचेरीवर नाही. यंत्राची ताकद कमी पडते, याबद्दलही माझी तक्रार नाही; मर्यादा असणारच, हे मी वर कबूल केले आहे. तक्रार आहे ती मर्यादा लावून क्रम न लावण्याबद्दल. यावर माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली, परतवून लावलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळावा. हे अशक्य नाही. तिकीटविक्रीच्या काही संकेतस्थळांवर अशी प्रतीक्षारांग आजही दिसते. दुसरी, आधी कोण आणि का, हे सर्वांना वाचता येईल अशा मराठीत लिहून ठेवावे. तिसरी, जो ठरावीक काळाहून अधिक थांबला आहे, त्याचा नंबर आपोआप वर यावा, आणि मुदतीच्या आत रांगेत उभा असलेला कोणीही मुदत संपली म्हणून बाहेर पडू नये. चौथी, हे सर्व ठरवणारा माणूस कोण, हे कळावे. म्हणजे प्रश्न यंत्राला न विचारता त्याला विचारता येईल.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नियम उघड केला, की लोक पळवाटा शोधतात. हे खरे आहे. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास डेव्हिड लिफ्का यांनी महासंगणकासाठी एक नामी पद्धत आणली. पुढच्या मोठ्या कामासाठी जागा मोकळी होण्याची वाट पाहत असताना मधल्या फटीत लहान कामे बसवून घ्यावयाची. मात्र पहिल्या नंबरच्या कामाला त्यामुळे उशीर होता कामा नये. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या कामाला किती वेळ लागेल, हे आधी सांगावे लागते. सांगितलेल्या वेळेत काम संपले नाही, तर ते मध्येच तोडले जाते. या भीतीने माणसे वेळ वाढवून सांगू लागली. म्हणजे पळवाट नसली तरी हात राखून बोलणे आलेच. तरीही ती पद्धत कोणी टाकून दिली नाही. नियम उघड होता, म्हणूनच त्यातली खोट दिसली, मोजली गेली आणि तिच्यावर पुढे अभ्यास झाला. झाकलेल्या नियमातली खोट कोण मोजणार?

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे. हे सगळे अभियंत्यांनी पाहावे, आपण कशाला? मला वाटते, अभियंत्यांनी त्यांचे काम चोख केलेले आहे. लहान आधी की जुना आधी, वाटा कामाला की माणसाला, घाई कोणाची खरी, कोणाला किती थांबवणे माणुसकीला धरून आहे, यांतल्या प्रत्येक पर्यायासाठी त्यांनी युक्ती तयार ठेवली आहे. कोणती वापरावी, हे मात्र यंत्र सांगू शकत नाही. ज्यांनी न्याय, समता आणि हक्क या शब्दांवर तीन वर्षे परीक्षा दिल्या, त्यांनी या ठिकाणी गप्प बसावे हे शोभत नाही. प्राध्यापक महोदयांनाही माझी एक विनंती आहे. तत्त्वज्ञानाच्या किंवा राज्यशास्त्राच्या एखाद्या तासाला फळ्यावर ही कामांची यादी मांडावी, आणि वर्गाला विचारावे: जागा तीन आणि उमेदवार नऊ, आधी कोण, आणि का? मला खात्री आहे, तास संपल्याची घंटा झाली तरी वाद संपणार नाही.

सुरुवात आपण आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षापासूनच करू या. तेथे संगणक मोजके आहेत आणि परीक्षेच्या अर्जांचे दिवस जवळ येत आहेत. दाराशी एक वही ठेवावी. आलेल्याने नाव आणि वेळ लिहावी. दहा मिनिटांच्या कामाला एक यंत्र राखून ठेवावे. बाहेरगावाहून येणाऱ्याच्या नावापुढे त्याच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहावी आणि ती पाहून नंबर लावावा. तासाभराहून अधिक जो थांबला, त्याचे नाव वर घ्यावे. आणि हे चार नियम दारावर ठळक अक्षरांत चिकटवावेत, खाली ते ठरवणाऱ्यांच्या सह्यांसकट.